गुहेत मुक्कामी जाताना: विदर्भातल्या गावातून तयारी कशी करायची

जमिनीखालच्या गुहेत दोन-तीन रात्री राहायचं शिबिर ठरलं की नवीन माणूस सामानाची यादी शोधायला लागतो. सापडते ती बहुतेक वेळा डोंगरावरच्या ट्रेकची यादी असते आणि ती इथे कामाची नाही. डोंगरावर सकाळी ऊन पडतं, ओलं वाळतं, वाट चुकली तरी उजाडल्यावर दिसते. गुहेत उजाडतच नाही. हवेत ओलावा इतका असतो की भिजलेला मोजा शिबिर संपेपर्यंत ओलाच राहतो.

म्हणून तयारी दोन गोष्टींभोवती करायची: उजेड आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड. बाकीच्या सामानात थोडं कमीजास्त चालून जातं, या दोन्हींत चालत नाही. तालुक्याच्या बाजारात यातलं निम्मं सामान मिळतं. उरलेलं नागपूरहून आणावं लागतं किंवा मागवावं लागतं, त्यामुळे निदान सहा आठवडे आधी सुरुवात करा.

१. गुहा कोणती, ते आधी विचारा

विदर्भाचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात कपारी असतात, कोरलेल्या लेण्या असतात, पण पाण्याने विरघळून झालेल्या लांबच लांब गुहा त्यात होत नाहीत. त्यासाठी चुनखडी लागते. ती आपल्याकडे वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात आहे आणि सिमेंटचे कारखानेही त्याच कारणाने तिथे आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड मोठं आहे, नैसर्गिक आहे, पण तिथे उजेड आत येतो आणि मुख्य म्हणजे ते गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. ती सरावाची किंवा मुक्कामाची जागा नव्हे.

मुक्कामी शिबिरासाठी आपल्या माणसाला बहुधा मेघालयात जावं लागतं. तिथली क्रेम लियाट प्राह ही चुनखडीतली गुहा ३० किलोमीटरपेक्षा लांब मोजली गेली आहे, तर वालुकाश्मातली क्रेम पुरी २४ किलोमीटरपेक्षा लांब आहे. गुहा कशी असते हे एकदा पाहून यायचं असेल तर छत्तीसगडची कुटुमसर जवळ पडते. जगदलपूरजवळच्या कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात ती आहे, वनखात्याच्या वाटाड्यासोबतच आत सोडतात आणि पावसाळ्यात बंद असते. मुक्काम तिथे होत नाही. पण अरुंद तोंडातून उतरताना आपल्याला कसं वाटतं, हे शिबिराचे पैसे भरण्याआधी कळतं. आमच्या मते नवीन माणसाने हा खर्च जरूर करावा.

आयोजकांना हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- आत पाणी किती? घोट्यापर्यंत, छातीपर्यंत, की पोहावं लागतं?
- गुहेतलं तापमान किती?
- दोरावरून उतरायचं-चढायचं आहे का?
- तोंडापासून मुक्कामाची जागा किती तासांवर आहे?
- दोर, हेल्मेट, स्टोव्ह यांतलं काय ते देणार, काय आपण आणायचं?

गुहेतलं तापमान साधारणपणे त्या परिसराच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. नागपूरच्या आसपास ही सरासरी २७ अंशांच्या घरात जाते, मेघालयात उंचीप्रमाणे साधारण १६ ते २० अंश. आकडा ऐकून थंडी वाटत नाही, पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. ४५ अंशांचा उन्हाळा काढणारं आपलं शरीर गार पाण्यात चार-पाच तास भिजल्यावर कसं कुडकुडतं, याचा अंदाज घरबसल्या येत नाही.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात गुहेत पाणी चढतं, आणि पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडला तरी चढू शकतं. पावसाळ्यात स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

२. तब्येतीची तपासणी

पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीत नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी साधी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर पुढच्या तपासणीत एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते कळतं. ही तपासणी केल्याशिवाय शिबिराला नाव देऊ नका. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, दमणूक आणि प्राणवायूची कमतरता या चार गोष्टींनी सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येतो, आणि गुहेत या चारही एकत्र भेटू शकतात. एसएस असेल तर मुक्कामी शिबिर नको. एएस असेल तर डॉक्टरांना गुहेतलं काम नीट समजावून सांगून लेखी सल्ला घ्या आणि तो शिबिरप्रमुखाला द्या.

दमा, फिट, हृदयविकार, मधुमेह, खांदा निखळण्याची सवय, यातलं काहीही लपवू नका. आतून एका माणसाला स्ट्रेचरवर बाहेर काढायला एरवीच्या चालण्याच्या अनेक पट वेळ लागतो आणि डझनावारी माणसं लागतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते बघा. वटवाघळांमुळे रेबीजचा धोका असतो, म्हणून चावण्याआधी घ्यायच्या रेबीज लशीबद्दल महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. तिचे डोस काही दिवसांच्या अंतराने असतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्याच्या प्रतिबंधक गोळीचं तेव्हाच विचारा. वटवाघळांच्या सुक्या विष्ठेत वाढणाऱ्या एका बुरशीने फुप्फुसाचा आजारही होतो. धूळ उडेल अशा कोरड्या जागेसाठी दोन एन-९५ मास्क लागतात. साधा रुमाल पुरत नाही.

३. घरचा सराव

पळण्यापेक्षा रांगणं जास्त उपयोगी. आठवड्यातून तीन दिवस गुडघ्यांवर आणि कोपरांवर, पाठीमागे पाच किलोची पिशवी ओढत, १५ मिनिटं अंगणात रांगा. टोंगळे कुठे सोलतात ते इथेच कळतं आणि गुडघ्याची पट्टी बरोबर आकाराची आहे का तेही.

अरुंद जागेचा सराव खाटेखाली होतो. खाटेखाली पाट किंवा फळ्या रचून उंची ३० सेंटिमीटरवर आणा, डोक्यावर हेल्मेट घालून एका बाजूने शिरून दुसरीकडून निघा. जमलं की २५ सेंटिमीटर करा. अडकल्यासारखं वाटलं तर छाती फुगवून जोर लावायचा नाही. थांबायचं, श्वास हळू सोडायचा, छाती बसली की बोटभर सरकायचं. शेजारी कोणीतरी हवंच. डोळे मिटून करताना जीव घाबरा होत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, आणि तसं आयोजकांना सांगण्यात काहीच कमीपणा नाही.

विहिरीत पोहता येतं म्हणून निश्चिंत राहू नका. पूर्ण कपडे, गमबूट आणि हेल्मेट घालून छातीभर पाण्यात, सोबतीला पट्टीचा पोहणारा ठेवून, एकदा चालून पाहा.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. सराव म्हणून बंद पडलेल्या कोळसा खाणीत, जुन्या भुयारात किंवा कोरड्या पडलेल्या विहिरीत उतरायचं नाही. वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या सोडलेल्या खाणींत मिथेन असू शकतो, छत कधीही खाली येतं. विहीर उपसताना गुदमरून गेलेली माणसं आपल्या भागात ऐकिवात आहेतच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. कंदील सोडून पाहायची जुनी पद्धत अपुरी आहे. ज्योत विझते ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यावर, आणि कार्बन डायऑक्साइड त्याआधीच त्रास देण्याइतका वाढलेला असू शकतो. गुहेतही हाच नियम: बसून असताना धाप लागली, डोकं ठणकायला लागलं, तर चर्चा न करता सगळ्यांनी मागे फिरायचं.

४. उजेड

प्रत्येकाकडे उजेडाची तीन स्वतंत्र साधनं हवीत, आणि तिन्हींपैकी कोणत्याही एकावर गुहेबाहेर येता आलं पाहिजे. मोबाइलचा टॉर्च यात मोजायचा नाही.

पहिला हेडलॅम्प (डोक्यावर बसवायचा दिवा) २०० ते ४०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), उजेड कमीजास्त करता येणारा, पाण्यात बुडला तरी चालणारा (खोक्यावर आयपीएक्स ७ किंवा ८ लिहिलेलं असतं). दुसरा हेडलॅम्प थोडा लहान चालेल, पण तोही हेल्मेटला बसणारा असावा. हातातला टॉर्च धरून चढता येत नाही. तिसरा लहानसा टॉर्च दोरीने गळ्यात. तो झोपतानाही गळ्यातच राहतो.

फसगत सगळ्यात जास्त होते ती बॅटरीत. बाजारात ९८०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) लिहिलेल्या १८६५० आकाराच्या चार्जिंगच्या सेल स्वस्तात मिळतात. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते, त्यामुळे ९८०० लिहिलेली सेल खोटीच. लोडशेडिंगसाठी घेतलेले चार्जिंगचे टॉर्चही नकोत.

खोक्यावर लिहिलेले तास सर्वात मंद उजेडाचे असतात. आपले तास आपण मोजायचे. रात्री पूर्ण चार्ज केलेला दिवा मधल्या उजेडावर लावून ठेवा आणि अंगणातली १० मीटरवरची वस्तू नीट दिसेनाशी होईपर्यंत किती तास गेले ते लिहा. समजा ६ तास आले. रोज १० तास चालणं आणि मुक्कामावर ३ तास, असे तीन दिवसांचे ३९ तास. म्हणजे दिव्याला सेलचे किमान सात भरलेले संच लागतील. त्याच्या दीडपट न्या, म्हणजे साधारण अकरा संच.

भरलेल्या सेल एका डबीत, संपलेल्या दुसऱ्या डबीत. भरलेल्यांच्या जोड्या रबरबँडने बांधा आणि वापरलेल्या सुट्या ठेवा, म्हणजे चिखलाच्या हातांनी अंधारात चाचपूनही फरक कळतो. दिवा मंद होताच, सोबत्याच्या उजेडात, बसून सेल बदला. पूर्ण विझेपर्यंत वाट पाहिली तर तो नेमका अडचणीच्या जागी विझतो.

५. अंगावरचे कपडे: ओला संच

आपण कापूस पिकवणारे लोक आहोत आणि बाराही महिने सुतीच घालतो. गुहेत मात्र सुती कापड बनियनपासून मोज्यापर्यंत कुठेही नको. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून उष्णता ओढत राहतं. जीन्स तर सर्वात वाईट. भिजली की गुडघा वाकवायलाही जड जाते.

आतून पॉलिस्टरचा खेळाडूंचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि तशीच पँट. गार पाण्याची गुहा असेल तर त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याचं मऊ, उबदार कापड. सगळ्यात वरून डांगरी, म्हणजे बॉयलर सूट. घुग्घुस, वणी, बल्लारपूर, उमरेड अशा कोळसा पट्ट्यातल्या गावांत सुरक्षा साहित्याच्या दुकानांत तो मिळतो. तिथे पॉलिस्टर-मिश्र कापड मागा, कारण शुद्ध सुती डांगरीच जास्त खपते. एक माप मोठी घ्या आणि दुकानातच खाली बसून, हात वर करून पाहा. काखेत किंवा मांडीत ताणली जात असेल तर पहिल्याच दिवशी उसवेल. बाहेरचे खिसे शिवून टाका, ते खडकाला अडकतात.

हेल्मेट कारखान्याचं नको आणि फटफटीचंही नको. कारखान्याच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा एक तर नसतो किंवा ठरावीक ताणाला सुटेल असाच बनवलेला असतो. गिर्यारोहणाचं हेल्मेट घ्या, आतल्या बाजूला ईएन १२४९२ असा क्रमांक पाहा. पट्टा लावून डोकं जोरात हलवल्यावर ते भुवईवर उतरत असेल तर माप चुकलं.

गमबूट कृषी केंद्रातले चालतात, पण तळवा बघून घ्या. कडक, चकचकीत प्लॅस्टिकचा तळवा ओल्या खडकावर घसरतो. मऊ रबराचा, खोल खाचांचा हवा. जाड मोज्यासह बसेल असं माप घ्या आणि घालून वावरातून पाच किलोमीटर चाला. फोड येणार असतील तर ते इथे येऊ द्या. घोट्याच्या वर पाणी असणाऱ्या गुहेसाठी निओप्रीनचे (भिजले तरी ऊब देणाऱ्या रबरी फोमचे) मोजे मागवा.

गुडघ्याला कबड्डीच्या पट्ट्या डांगरीच्या आतून घालायच्या. बाहेरून घातल्या तर रांगताना खाली सरकतात. हाताला रबराचा लेप दिलेले कामगारांचे हातमोजे, दोन जोड. फवारणीसाठी वापरलेले बूट, हातमोजे, चष्मे धुऊनही नेऊ नका. औषधाचा अंश त्यात राहतो आणि भिजलेल्या कातडीतून तो अंगात जातो.

दोरावरचं काम असेल तर त्याचं सगळं सामान आयोजकांचंच वापरा आणि ते वापरायला आधी प्रशिक्षकाकडून शिका. लेख वाचून ते येत नाही. बोअरवेलच्या मोटारीला बांधायची नायलॉन दोरी किंवा विहिरीचा दोर माणूस लटकवण्यासाठी नसतो. दिसायला जाड असला तरी त्याची ताकद कोणी तपासलेली नसते.

६. मुक्कामाचे कपडे: कोरडा संच

पॉलिस्टर किंवा लोकरीचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, तशी पँट, फ्लीस जाकीट, लोकरीची टोपी, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, आतले कपडे. एवढाच संच. तो जलरोधक पिशवीत घालायचा, तिच्याबाहेर जाड कचऱ्याची पिशवी पीळ देऊन बांधायची, आणि घरी ते गाठोडं बादलीत पाच मिनिटं दाबून धरायचं. उघडल्यावर आत एक थेंब दिसला तरी पिशवी बदला.

हा संच वापरायची शिस्त अशी: मुक्कामावर पोचल्याबरोबर, अंग गरम आहे तोवर, ओले कपडे उतरवायचे, छोट्या टॉवेलने अंग कोरडं करायचं आणि मगच कोरडी पिशवी उघडायची. सकाळी कोरडे कपडे परत पिशवीत, आणि कालचे गार, ओले, चिखलाचे कपडे पुन्हा अंगावर. ही पाच मिनिटं फार नकोशी वाटतात. नवीन माणूस इथेच कच खातो, ‘आजचा दिवस कोरड्यावरच काढू’ म्हणतो, आणि त्या रात्री त्याच्याकडे कोरडं काहीच उरत नाही. दुसऱ्याने दिलेलं जाकीट घालून तो झोपला तर आता दोघं अडचणीत. चालायला लागल्यावर दहा मिनिटांत ओले कपडे अंगाच्या उबेने सुसह्य होतात, हे मनाशी धरून ठेवा.

झोपायला कृत्रिम भरावाची स्लीपिंग बॅग, ५ ते १० अंशांसाठीची. पिसांची बॅग ओलाव्याने बसते आणि ऊब देत नाही. घरची गोधडी सुती असते, ओलावा पिऊन दुप्पट जड होते. खाली बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या फोमची किमान १० मिलिमीटरची चटई. जमिनीकडून लागणारी थंडी वरच्या पांघरुणाने थांबत नाही.

७. बॅग

पाठीवरची ट्रेकची सॅक अरुंद जागेत अडकते. हवी ती नळकांड्यासारखी, गुळगुळीत, बाहेर एकही खिसा नसलेली पिशवी. विकत महाग पडते, पण ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतात, ते जाड पीव्हीसी कापडाची शिवून देतात. माप सांगा: व्यास २५ सेंटिमीटर, उंची ६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३२ लिटर. तळाला पाणी निघायला तीन-चार लहान छिद्रं, दोन खांदेपट्टे, एका बाजूला आडवी पकड आणि तोंडाशी ओढायला मजबूत दोरी. पट्टे तळाच्या शिवणीत दुहेरी टाक्याने बसवायला सांगा, फाटायचं ते तिथूनच. खताचं पोतं नको, खडकावर घासून एका दिवसात विरतं.

भरलेली पिशवी १० किलोपेक्षा जड नको. सामान जास्त असेल तर दोन पिशव्या करा. तळाशी स्लीपिंग बॅग, त्यावर कोरडा संच, मग जेवण, आणि वरती दिवसभर लागणारं: खाऊ, पाणी, सेल, प्रथमोपचार, आणि चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट. सेल, काडेपेटी आणि औषधं रुंद तोंडाच्या, आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत. कीटकनाशकाचे रिकामे डबे घट्ट झाकणाचे असतात म्हणून काही जण वापरतात. पाण्या-अन्नासाठी सोडाच, कोणत्याही सामानासाठी ते वापरू नका.

८. खाणं, पाणी, चूल

एका माणसाला एका दिवसासाठी साधारण एवढं धरा: भाजका रवा किंवा पोहे १५० ग्रॅम, तांदूळ आणि मुगाची डाळ मिळून २०० ग्रॅम, फुटाणे-शेंगदाणे १५० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, दूध पावडर ४० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम. याच्या सुमारे ३००० कॅलरी होतात. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि जवसाची चटणी घ्या. ज्वारीची भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते आणि ओल्या हवेत तिला बुरशी लवकर धरते. मुरमुऱ्याचा चिवडा जागा फार खातो. संत्री न्यायचीच असतील तर घरी सोलून न्या.

प्रत्येक वेळेचं जेवण वेगळ्या पिशवीत बांधून वर वेळ लिहा. दर तासाला मूठभर खा, भूक लागायची वाट पाहू नका. खाताना पिशवीवर वाकून खा, कारण सांडलेल्या कणांवर बुरशी वाढते आणि बाहेरचे किडे आत येतात. गुहेतले जीव फार थोड्या अन्नावर जगतात, त्यांचं गणित आपल्या चिवड्याने बिघडतं.

गुहेतलं वाहतं पाणी नितळ दिसलं तरी वर गाव असतं. कपड्याने गाळा, मग उकळा किंवा मेडिकलमधल्या क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

स्वयंपाक गॅसच्या लहान स्टोव्हवर, प्रमुख सांगेल त्याच हवेशीर जागी. ताडपत्रीच्या आडोशात स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. लाकूड, गोवऱ्या, रॉकेल, मेणबत्त्यांच्या रांगा, काहीच नको.

खर्रा आणि तंबाखू बाहेर ठेवून जायचं. चुनखडीवर मारलेली पिचकारी तिथे पाऊस-ऊन नसल्याने कित्येक वर्षं तशीच राहते. सवय असेल तर शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधीपासून कमी करा, नाहीतर आत डोकं दुखणं आणि चिडचिड सुरू होते.

९. शौचाची व्यवस्था

हे कोणी विचारत नाही आणि पहिल्याच सकाळी अडतं. गुहेत पुरायचं नाही, पाण्यात सोडायचं नाही. सगळं बाहेर आणायचं. खालच्या गावातले लोक बऱ्याचदा तेच पाणी पितात.

दर दिवसासाठी एक जाड पिशवी, दोन वर्तमानपत्रं आणि मूठभर लाकडाचा भुसा किंवा धानाचा कोंडा न्या. वर्तमानपत्रावर बसा, वर भुसा टाका, गुंडाळा, पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि गाठ मारा. हवा राहिली की ती पिशवी फुगते. सगळ्या पिशव्या आटेदार झाकणाच्या वेगळ्या बरणीत, आणि त्या बरणीवर लाल पट्टी चिकटवा. लघवीसाठी प्रमुख जागा ठरवून देतात किंवा रुंद तोंडाची बाटली लागते. पाळीच्या तारखा शिबिरात येत असतील तर पॅड नेहमीपेक्षा जास्त न्या, कारण ओल्या कपड्यांत ते लवकर बदलावे लागतात. कप वापरायचा असेल तर त्याची सवय आधीच्या दोन पाळ्यांत करून घ्या. वापरलेले पॅडही त्याच बरणीत. मुलींच्या गटात हे प्रशिक्षिकेने मोकळेपणाने आधीच सांगावं.

१०. कागदपत्रं आणि घरी ठेवायचा निरोप

- आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स
- वैद्यकीय प्रमाणपत्र, सिकलसेल तपासणीचा कागद, रक्तगट
- सही केलेलं हमीपत्र, वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची लेखी संमती
- अपघात विमा. साहसी खेळ त्यातून वगळलेले नाहीत ना, ते वाचून घ्या
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी

परवानगी आयोजकांचं काम असलं तरी विचारा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची लागते. मेघालयात जमीन गावाची, कुळाची किंवा खासगी मालकीची असते, म्हणून गावप्रमुखाची संमती घ्यावी लागते. ती नसेल तर वाटेतूनच परत यावं लागतं.

निरोप दोन ठिकाणी लेखी ठेवा, एक गुहेजवळच्या गावात आणि एक घरी. त्यात गुहेचं नाव, कोणत्या तोंडातून शिरणार, किती जण, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, आणि ज्यानंतर मदत बोलवायची ती वेळ. बाहेर येण्याच्या वेळेत आणि मदतीच्या वेळेत पाच-सहा तासांचं अंतर ठेवा. घरच्यांना समजावून सांगा की आत मोबाइल लागत नाही, तोवर घाबरायचं नाही. ती वेळ उलटली तर मात्र थांबायचं नाही, आधी आयोजक आणि मग ११२. बाहेर आल्यावर अंघोळीच्याही आधी हा निरोप संपवायचा फोन करा.

११. प्रवासात अडकवणाऱ्या गोष्टी

गॅसचे डबे, रॉकेल, स्पिरिट रेल्वेत नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तो गुन्हा आहे. विमानातही चालत नाही. इंधन तिकडेच घ्या. विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. नागपूरहून गुवाहाटीला रेल्वेने दीड-दोन दिवस जातात, पुढे शिलाँग सुमारे १०० किलोमीटर. शिबिराच्या आधी एक पूर्ण दिवस झोपेसाठी राखा.

१२. परतल्यावर

निघण्याआधीच, तिथल्या नळावर, बुटांच्या खाचांतला चिखल ब्रशने काढा. अमेरिकेत २००६ मध्ये पहिल्यांदा दिसलेल्या एका बुरशीने तिथली लाखो वटवाघळं मेली आणि ती बुरशी माणसांच्या कपड्या-बुटांवरूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते, म्हणून गुहेत जाणारे लोक सामान धुतल्याशिवाय दुसऱ्या गुहेत नेत नाहीत. घरी डांगरी आणि पिशवी साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून ब्रशने घासा आणि सावलीत पूर्ण वाळवा. दिव्यांतल्या सेल काढून ठेवा, नाहीतर आत गंज धरतो.

वटवाघूळ चावलं किंवा नखाने ओरखडलं असेल, अगदी बारीक खूण असली तरी, साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि आधी लस घेतलेली असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं किंवा पोटऱ्यांत जबर दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही गुहेत राहून आला आहात आणि तिथे वटवाघळं होती, साचलेलं पाणी होतं. आपल्याकडे ताप म्हटला की आधी मलेरिया-डेंग्यू तपासतात. तेही करू द्या, पण हे सांगितल्याशिवाय बाकीच्या तपासण्या कोणाच्या लक्षात येणार नाहीत.